किरायाच्या खोलीतला किचन ओटा: कडप्पाच ठेवू की ग्रॅनाइट टाकू? (नागपूर)

वरची_खोली | ११ मे, रात्री ९:५०

मंडळी, मानेवाड्याला आमच्या घरावर एक खोली-किचन आहे, ते किरायाने देतो. मागचे किरायेदार एप्रिलअखेर सोडून गेले. मिहानला नोकरी करणारी दोन मुलं होती. तीन वर्षं राहिली, किराया एकदाही चुकवला नाही, आवाज नाही, भांडण नाही. फक्त जाताना "काका, किचन एकदम चकाचक करून दिलं" म्हणाली आणि मी वर जाऊन पाहतो तर काळा ओटा राखाडी झालेला. बाथरूमची फरशी घासायचं ॲसिड ओट्यावर ओतून ब्रशने घासलं होतं बिचाऱ्यांनी. चांगल्या मनाने केलं, त्यांना काय बोलणार.

ओटा बाबांनी घर बांधताना टाकलेला, कडप्पाचा. वीस वर्षं झाली. सिंकभोवती पांढरे चट्टे, पुढच्या कडेचे पापुद्रे सुटलेत. सरळ ओटा आहे, ७ फूट लांब, २ फूट रुंद, जमिनीपासून उंची ३१ इंच. किराया ६,५०० येतो. ओट्यावर १२ हजारांच्या वर घालायची तयारी नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजवाले खोल्या पाहत फिरायला लागतात, त्याआधी काम व्हायला हवं.

मिस्त्री म्हणतो ग्रॅनाइट. आई म्हणते कडप्पाच टाक, खाली तिच्या स्वयंपाकघरातला कडप्पा त्याच साली टाकलेला आहे आणि अजून आरशासारखा आहे. मेहुणा म्हणतो विट्रिफाइड टाइल. तिघांचं ऐकून डोकं गरम झालंय, वरून ४४ डिग्री.

तर्री_जास्त | ११ मे, रात्री १०:०४

शीर्षकात "किचन" लिहिलं ते बरं केलं. नुसतं "ओटा" असतं तर मला वाटलं असतं घरासमोरच्या ओट्याचा विषय आहे, संध्याकाळी बसायच्या. 😄 वाचतोय.

धंतोलीची_मावशी | ११ मे, रात्री १०:३१

तुमच्या आईचं बरोबर आहे. आमच्या सासूबाईंच्या काळातला कडप्पा आहे, त्यावर पुरणाचे कितीतरी सण निघाले. रात्री झोपायच्या आधी ओला फडका, मग कोरडा फडका आणि आठवड्यातून एकदा गोडेतेलाचं बोट. एवढंच. नवीन लोकांना दगड वापरता येत नाही आणि दोष दगडाला.

खडकाळ | ११ मे, रात्री ११:१२

मावशी, तुमच्या हातात कडप्पा शंभर वर्षं टिकेल, यात वाद नाही. पण किरायेदाराच्या हातात टिकेल का, हा प्रश्न आहे.

थोडं दगडाबद्दल, कारण इथे सगळ्याच काळ्या दगडांना एकच समजतात. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडपा भागातून येणारा चुनखडक. शहाबादी फरशी (कलबुर्गीकडची) आणि कोटा (राजस्थान) हेही चुनखडकच. चुनखडकात मुख्य खनिज कॅल्साइट, त्याला आम्ल चालत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी हळूहळू चकाकी जाते आणि फरशीच्या ॲसिडने एका दुपारीत, जसं तुमच्याकडे झालं. तो पांढरा चट्टा डाग नाही. तिथला दगडच वरून खाल्ला गेलाय, त्यामुळे घासून निघणार नाही. पुन्हा पॉलिश केलं तरच जाईल. शिवाय हा थराथराने जमलेला खडक, म्हणून कडेला पापुद्रे सुटतात.

ग्रॅनाइट अग्निजन्य. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार. कठीणपणाच्या मोह्स मापावर कॅल्साइट ३, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७. स्वयंपाकघरातली सुरी साधारण ५ ते ६ च्या मध्ये. म्हणजे सुरीने कडप्पावर ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर सुरीच बोथट होते. लिंबाने ग्रॅनाइटला काही होत नाही.

आणि एक गंमत. दुकानात "ब्लॅक ग्रॅनाइट" म्हणून मिळणारे बरेच दगड भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतातच, गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचे दुसरे अग्निजन्य खडक असतात. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा प्रसिद्ध ब्लॅक गॅलक्सीसुद्धा त्यातलाच. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तो बेसाल्ट यांचाच नातेवाईक म्हणायचा. ओट्याला हे सगळेच चालतात, नावावर जाऊ नका.

पुण्यात_नागपूरकर | १२ मे, सकाळी ८:२०

आमच्याकडे इथे नव्या सोसायट्यांमध्ये सगळे क्वार्ट्झ टाकतात. डाग धरत नाही, पांढराशुभ्र दिसतो, सीलर (दगडात डाग मुरू नयेत म्हणून वरून लावतात ते) लागत नाही. एकदाच खर्च करून मोकळं व्हा की.

तर्री_जास्त | १२ मे, सकाळी ८:२६

६,५०० किरायाच्या खोलीत क्वार्ट्झ? मग किरायेदाराला ओट्यावरच झोपायला सांगावं लागेल, पैसे वसूल करायला.

खडकाळ | १२ मे, सकाळी ९:०२

पैशाचं सोडा, किरायाच्या खोलीला तो उष्णतेमुळेही जमत नाही. बाजारातला क्वार्ट्झ म्हणजे वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य. रेझिन साधारण १५० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतं. गॅसवरून उतरवलेली कढई किंवा तवा सरळ ओट्यावर ठेवणारी माणसं आपण. एकदा पिवळं वर्तुळ उमटलं की कायमचं.

दुसरं, तो कोरडा कापताना जी बारीक सिलिका धूळ उडते ती कारागिरांच्या फुप्फुसात जाते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराच्या रुग्णांमुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. ग्रॅनाइट कापतानाही सिलिका उडते, प्रमाण कमी. म्हणून घरी कटर चालवणार असतील तर पाणी सोडत कापायला लावा आणि माणसाच्या तोंडाला मास्क. आपल्याकडे गमछा बांधतात, त्याने ही धूळ अडत नाही.

पुण्यात_नागपूरकर | १२ मे, सकाळी ९:४०

हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. आमच्या ओट्यावर कुकरचं एक वर्तुळ आहेच, बायकोला वाटतं मी ठेवला होता.

गवंड्याचा_पोरगा | १२ मे, दुपारी १:१५

भाऊ, आमचे बाबा तीस साल झाले हेच काम करून राहिले, मी सुट्टीत त्यांच्यासंगं जातो. पहिली गोष्ट, जुना कडप्पा तोडू नका. तोडला का खालचे उभे कडप्पे हलतात, भिंतीच्या टाइल्स निंगतात, मंग दहाचं काम वीसवर जाते. वरतून ठोकून पाहा. जिथं पोकळ वाजते तेवढा पापुद्रा छन्नीने काढून टाका, बाकी टाकी मारून खरबड करा आणि त्याच्यावरच टाइल ॲडेसिव्हने ग्रॅनाइट बसवा. १८ एमएमचा दगड, चार-पाच एमएम ॲडेसिव्ह, म्हणजे ओटा एक इंच वर येते. तुमचा ३१ चा ३२ होते, उलट बरं, आजकालच्या पोरापोरींना ३१ खालीच पडते. फक्त नळ पाहून घेजा, भिंतीतला नळ असंल तं तोटी आणि सिंकमधलं अंतर कमी होते.

दुसरं, सगळे दगडावर भांडून राहिले, पण ओटा दगडात नाही फुटत. ओटा फुटते सिंकपाशी. सिंकसाठी भोक पाडलं का पुढं दोन-अडीच इंचाची पट्टी उरते, तितंच तडा जाते. चारही कोपऱ्यावर आधी ड्रिलने गोल भोक पाडून मंग कटर लावायला सांगा. काटकोनात कापलेला कोपरा म्हणजे तडा कुठून जाईल त्याची खूण करून ठेवली समजा. आणि सिंकच्या दोन्ही बाजूनं खाली आधार पाहिजे.

तिसरं, सिंकचा जो तुकडा कापून निंगते त्याचे पैसे तुम्ही दिले राहतात. मागून घेजा. नाही मागितला तं तो दुकानातच राहते.

धंतोलीची_मावशी | १२ मे, दुपारी १:५०

हा मुलगा कामाचं बोलला.

मिक्सर_बंद | १२ मे, दुपारी ३:०५

किरायेदाराची बाजू कोणी मांडलीच नाही म्हणून मी. बजाजनगर, खामला, त्रिमूर्तीनगर अशा चार खोल्या झाल्या माझ्या. मालक लोक ओटा चकचकीत करून देतात आणि त्यावर जागाच नसते. सात फुटांत दोन फूट सिंक, दोन-सव्वादोन फूट शेगडी, एका कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर. मग पोळी लाटायची कुठे? जमिनीवर. लहान सिंक बसवा, १८ इंचांचं पुरतं दोन माणसांना. ओट्याच्या वर एक १६ ॲम्पिअरचा पॉइंट द्या, अर्धी जनता इंडक्शन वापरते. आणि जेट काळा दगड नका घेऊ. बोरिंगचं पाणी असेल तर त्यावर क्षारांचे पांढरे ठिपके असे उठून दिसतात की रोज पुसलं तरी घाणेरडं दिसतं. मग कोणीतरी वैतागून ॲसिड आणतो. तुमच्या मुलांनी तेच केलं असणार.

वरची_खोली | १२ मे, दुपारी ३:३०

बोरिंगचंच आहे. कॉर्पोरेशनचं पाणी फक्त प्यायला. तुमची शेवटची ओळ वाचून गप्प झालो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

खडकाळ | १२ मे, सायंकाळी ५:४४

मग तपकिरी दाणेदार घ्या. तेलंगणातल्या करीमनगरचा टॅन ब्राउन किंवा त्याच्यासारखा कोणताही. क्षार, पीठ, कढीचा शिंतोडा, काहीच पटकन दिसत नाही. मळ दिसत नाही हा किरायाच्या खोलीत गुण धरावा की दोष, ते तुम्ही ठरवा.

काळा घ्यायचाच झाला तर पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन दगड घासून पाहा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली दगड गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे हळदीचं तेलही पिणार. अशाला दरवर्षी सीलर मारत बसावं लागतं.

मेहुणा_नव्हे | १२ मे, रात्री ९:१०

टाइलबद्दल, स्वतः करून पस्तावलेला माणूस म्हणून सांगतो. मोरबीची मोठी विट्रिफाइड टाइल कडप्पावर चिकटवली होती. टाइल म्हणून उत्तम. पाणी जवळजवळ शोषतच नाही, लिंबू-हळद काही नाही. भानगड दोन ठिकाणी झाली. सांध्यातलं साधं ग्राउट सहा महिन्यांत हळदीचं झालं (इपॉक्सी ग्राउट भरलं असतं तर वाचलं असतं). आणि पुढची कड. तिथे दोन टाइल जिथे मिळतात तिथे कपची उडाली, एका किरायेदाराचा हात कापला. नारळ ओट्यावर आपटून फोडणारी माणसं असतात, विसरू नका.

स्टीलच्या टॉपचं टेबलही पाहिलं होतं. हलवता येतं हा फायदा, पण वर भांडं ठेवलं की खाली तुमच्या बेडरूमपर्यंत आवाज येईल.

वरची_खोली | १८ मे, रात्री १०:१५

अपडेट देतो. दिघोरीकडची दोन दुकानं फिरलो आणि तिथून चार भंगार तुकडे फुकट आणले: कडप्पा, कोटा, तपकिरी ग्रॅनाइट, काळं ग्रॅनाइट. रात्री चारही तुकडे ओळीत मांडले. प्रत्येकावर एका टोकाला अर्धं लिंबू उपडं, दुसऱ्या टोकाला सावजी रश्श्याची तर्री (रविवारच होता). सकाळी धुतले.

कोट्यावर आणि कडप्पावर लिंबाचं गोल वर्तुळ. बोट फिरवलं तर खरबरीत लागतं. कडप्पावर तर्रीचा डाग काळ्यात दिसला नाही, कोट्यावर पिवळा तेलकट. दोन्ही ग्रॅनाइटवर काहीच नाही. काळ्याचं फडकं मात्र रिमूव्हरने करडं झालं, दुकानदार "ओरिजिनल आहे जी" म्हणत होता.

आई शेजारी उभी राहून पाहत होती. म्हणाली, "मी वीस वर्षं लिंबू पिळते, माझ्या ओट्याला काही झालं नाही. सांडलं की पुसते मी, रात्रभर लिंबू ठेवून झोपत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण मग हिशेब मांडला आणि डोळे उघडले. कडेच्या पट्टीसकट १७ चौरस फूट दगड लागतो. मला मिळालेले भाव सांगतो, घासाघीस करून: तपकिरी ग्रॅनाइट १४० रुपये फूट, म्हणजे २,३८०. कडप्पा ६० रुपये, म्हणजे १,०२०. फरक १,३६० रुपयांचा! आठवडाभर घरात जे महाभारत चाललं ते एवढ्यासाठी. बाकी कड गोल करणं, सिंकचं कटिंग, बसवायची मजुरी, ॲडेसिव्ह, सिंक, पाइप, वाहतूक हे दोन्हीकडे जवळपास सारखंच, ८,७९० होतं. खोली आठवडाभर रिकामी राहिली तरी १,३६० च्या वर जातात.

हिशेबनीस | १८ मे, रात्री १०:४८

कराचं एक. हा खर्च किरायाच्या उत्पन्नातून वेगळा वजा करता येत नाही. घरभाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तुम्ही ओट्यावर रुपया घाला की लाख. त्यामुळे "बिल लागेल टॅक्सला" म्हणून महाग दगड घेऊ नका. पक्कं बिल मात्र घ्या, रंगवलेला दगड निघाला तर भांडायला.

आणि नवीन किरायेदाराचा करार नोंदणीकृत करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, किरायेदाराची नाही. करारासोबत ओट्याचे फोटो काढून दोघांच्या मोबाइलवर ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

गवंड्याचा_पोरगा | १९ मे, सकाळी ७:३०

भाऊ, सकाळी सहाला काम सुरू करा. ह्या उन्हात दुपारी ॲडेसिव्ह पसरवलं का दगड ठेवेपर्यंत वरतून सुकून जाते, मंग खालून पोकळ राहते आणि कुकर आपटला का तडा. जुना कडप्पा आधी धुऊन, ओला फडका मारून ठेवा. सात फुटाचा दगड साठ-पासष्ट किलोचा भरते, जिन्यावरून चढवताना उभाच धरायचा, आडवा धरला तं मधातून मोडते. सिंककडं बारीक उतार ठेवा. कडेच्या खालून एक खाच मारून घेजा, पाणी ओघळून आत लाकडी दारावर जात नाही.

वरची_खोली | २ जून, रात्री ९:२०

काम झालं. एकूण ११,१७० लागले. तपकिरी ग्रॅनाइट, १८ इंचांचं ३०४ स्टीलचं सिंक, कड हाफ राउंड, भिंतीच्या सांध्यात सिलिकॉन. १६ ॲम्पिअरचा पॉइंट वेगळा, तो इलेक्ट्रिशियनच्या खात्यात, बजेटमध्ये धरत नाही (बायको वाचत असेल तर, धरलाय).

सगळं सुरळीत झालं असं नाही. दगड जिन्याच्या वळणावर आला आणि वळेना. कोणी मापच घेतलं नव्हतं. शेवटी गच्चीवरून दोरीने घेतला, अख्खी गल्ली खाली उभी राहून सल्ले देत होती. आणि नळ एक इंच खाली आल्यासारखा झाला, मोठं पातेलं आता तिरपं करून धरावं लागतं. पोरगा म्हणाला होता, मी ऐकलं नाही.

एम्समध्ये काम करणाऱ्या दोन मुली खोली पाहून गेल्या, पंधरा तारखेपासून येतील. ओट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पॉइंट पाहिला, खिडकी पाहिली आणि पाण्याची वेळ विचारली.

मिक्सर_बंद | २ जून, रात्री ९:३१

पोळीला जागा किती उरली?

वरची_खोली | २ जून, रात्री ९:३५

सलग पावणेतीन फूट. मोजली, तुमच्यासाठीच.

गवंड्याचा_पोरगा | २ जून, रात्री १०:०२

सिंकचा तुकडा मागितला का भाऊ?

वरची_खोली | २ जून, रात्री १०:१९

मागितला. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण कडा घासून दिला. वरच्या किचनसाठी ठेवला होता, भाजी चिरायला. दुसऱ्या दिवशी शोधला तर तिथे नाही. खाली आईच्या कडप्पाच्या ओट्यावर, शेगडीच्या बाजूला मांडलेला. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. आज सकाळी पोह्यांसाठी लिंबू त्याच्यावर कापत होती.